जित्या माणसाचं नाव

"वन्सं, तुम्ही रोज देवीची हजार नावं घेता ना?"

रतनवहिनी बाजेवर पडली होती. बाजेखाली शेगडी होती आणि ओव्याच्या धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. मी नुकतीच एस्टीतून उतरून, पाय धुऊन तिच्या उशाशी येऊन बसले होते. तिच्या कुशीत अकरा दिवसांची पोर झोपली होती. तिसरी.

घेते, असं मी म्हणाले.

"समदी बाईचीच नावं?"

"देवीची म्हणजे बाईचीच की."

"मग त्यातलं एक द्या हिला. कुठलंबी. उरलंसुरलं."

मला हसू आलं. हजारांत उरलंसुरलं असं एकही नसतं, म्हणाले. तिनं माझा हात धरला. चिमटीनं कुंकू वाहून वाहून माझ्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची तांबूस झाली होती, त्यांच्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, सांगा की एकदोन. मी सांगितली. अपर्णा म्हणजे जिनं तपाला बसून झाडाचं पानसुद्धा खाल्लं नाही ती. निस्तुला म्हणजे जिच्याशी तोलायला दुसरं काही नाही अशी. तिला ती नावं उच्चारता येत नव्हती, पण लहान मूल गोष्ट ऐकतं तशी ऐकत होती. अजून, अजून, म्हणत होती.

"दुर्लभा," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"सहजासहजी हाती न येणारी. फार पुण्याईनं मिळते अशी."

 वहिनीनं पोरीच्या टाळूवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तिथंच ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "उद्या काय नाव घालायचं ठरलंय, ते तुमच्या आईंना इचारा. माज्या तोंडातनं निघत न्हाई."

आम्हा कासारांत, आणि आमच्या त्या माणदेशी गावातल्या सगळ्यांतच, नाव आत्यानं ठेवायचं. पाळण्यावर वाकून तिनं नाव कानात सांगायचं, मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, आणि मग तिनं ते मोठ्यानं बोलायचं. एकदा कानात गेलं की बापालाही बदलता येत नाही. माझ्या भावाला, महादूला, मी एकटीच बहीण, म्हणून मला कऱ्हाडला सासरी बोलावणं आलं होतं. श्रावण होता. माझ्या सासूबाईंना सोमवारी शिखर शिंगणापूरला जायचं होतं, म्हणून त्याही माझ्यासोबत आल्या होत्या. बारसं शनिवारी, मग पुढं शिंगणापूर, असा बेत.

आई परसात सुपात हरभरे निवडत होती. घुगऱ्यांचे. मी शेजारी बसून निवडायला लागले. दोघींनी मिळून अर्धं सूप निवडून झालं, तेव्हा मी विचारलं.

"नकुशी घालायचं," आई म्हणाली. खडा बाजूला टाकावा तितक्या सहज.

मी म्हणाले, आई, हे नको. आता कोण ठेवतं असलं नाव. तिनं वर पाहिलं नाही. शेजारच्या वाडीला दोन ठिकाणी ठेवलं आणि दोन्हीकडं पुढच्या खेपेला मुलगा झाला, असं सांगत बसली. देवाला कळायला लागतं, नाहीतर तो देतच राहतो, म्हणाली. मी पुन्हा नको म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान. त्यात आईपुढं तो अजून लहान व्हायचा.

"लागू पडतं गं," आई म्हणाली. "तुज्या पाठीवर म्हादू आला का न्हाई?"

हे आता सांगायलाच हवं. आईला माझ्या आधी दोन मुली झाल्या होत्या. दोन्ही गेल्या. मग मी झाले आणि जगले. माझं नाव नकुशी ठेवलं. दोन वर्षांनी महादू झाला, आणि माझं नाव गावभर गाजलं. चौथीपर्यंत शाळेच्या हजेरीत मी नकुशी होते. मास्तर नाव घ्यायचे आणि पोरं एका सुरात म्हणायची, नको, नको. लग्न ठरायच्या वेळेला मात्र आईच घाबरली. कऱ्हाडचं घर चांगलं, भांड्यांचं दुकान, घरात कालिकेचं ठाणं, तीन वेळा पूजा. आईनं मध्यस्थाला सांगितलं, पोर नवसाची आहे, देवीकडं मागून घेतलेली. पत्रिकेत नाव छापलं सुमित्रा. गावातल्या बायकांना तिनं घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं, की हिला आता फक्त आक्का म्हणा. गावानं शब्द पाळला. अकरा वर्षं मी माहेरी आक्का होते आणि सासरी नवसाची सुमित्रा.

"तुजं म्या झाकलं," आई म्हणाली. "अकरा वर्सं. कुनाला वास लागू दिला न्हाई. आता तू माजं एवढं कर."

"सासूबाई असतील उद्या समोर."

"असूं द्या की. त्यास्नी काय ठावं? त्यास्नी वाटंल, गावची रीत." मग थोडं थांबून तिनं जे म्हटलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "त्या हायेत म्हून तर बरं. तू बोलायची न्हाईस."

मी महादूकडे गेले. आमचं बांगड्यांचं दुकान घराच्या ओसरीतच होतं. तो मापाच्या हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवत बसला होता, उद्या येणाऱ्या बायकांना भरायच्या होत्या. फार गरीब स्वभावाचा माझा भाऊ. त्यानं मला बसायला पोतं दिलं. मी बोलले ते सगळं ऐकून घेतलं.

"आक्का, नाव म्हंजी काय, हाक माराय असतंय," तो म्हणाला. "तुला काय कमी पडलं त्या नावानं? चांगल्या घरात पडलीस."

मी एक बांगडी उचलून त्याच्या दोऱ्यात ओवली.

"आन् मी आलोच न्हवं?" असं म्हणून तो हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. लहानपणापासून त्यानं ऐकलंच ते होतं.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मी ओसरीत आले, तर सासूबाई शेजारच्या बायकांत बसल्या होत्या. माझंच चाललं होतं. आमची सून नवसाची आहे, पहाटे उठून हजार नावं कुंकवानं वाहिल्याशिवाय पाणी घेत नाही, नवरात्रात कऱ्हाडात देवीची पहिली ओटी तिच्या हातची असते. मला तोवर मूलबाळ नव्हतं. सासूबाईंच्या माहेरची एक मुलगी ह्यांना द्यावी, असं तीन वर्षांपासून घरात चाललं होतं, आणि ते लावून धरणाऱ्यांना सासूबाई एकच सांगून गप्प बसवायच्या. तेच त्या आताही म्हणाल्या, "देवीकडून मागून आणलेली आहे. देवी तिला रिकामी ठेवायची नाही." आणि आईकडे वळून, "काय हो विहीणबाई?"

आईनं मान हलवली. तिच्या भोवती बसलेल्या चारपाच म्हाताऱ्यांनीही हलवली. त्यातली एकही मला नकुशी म्हणून ओळखत नव्हती अशी नव्हती. सगुणामावशी तर माझ्या बारशाला पाळणा बांधणारी. तिनं मान हलवली नाही, नुसतं पान तोंडात सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरच्या देव्हाऱ्यापुढं बसले. टाकावर कुंकू वाहत नाव घेत गेले. एका नावापाशी चिमूट थांबली. पुढचं आठवेना. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. मागून आई म्हणाली, बायका याय लागल्यात. मी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशी बारशाला माझ्यामुळं तासभर उशीर झाला.

माजघरात पाळणा टांगला होता. वहिनी नवं लुगडं नेसून, कान बांधून पाटावर बसली होती. सासूबाईंना मानानं पाळण्याच्या अगदी समोर बसवलं होतं. आमच्याकडे आधी वरवंट्याला कुंची घालतात आणि बायका तो पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हातात देतात. त्या दगडाला गोप्या म्हणतात. सगळ्यांनी हौसेनं गोप्याला खेळवलं, एकीनं त्याचा मुकासुद्धा घेतला. मग त्याला पाळण्यात पायथ्याशी निजवला आणि पोरीला त्याच्या शेजारी घातली.

"घे आक्के नाव," आई म्हणाली.

मी वाकले. मागं बायका मुठी वळून उभ्या राहिल्या. पोरीचा कान भिजलेल्या हरभऱ्याएवढा होता. तिला नुकतंच न्हाऊ घातलं होतं, तेलाचा वास येत होता. मी तोंड तिच्या कानाशी नेलं आणि माझ्या तोंडातून काहीच निघेना. एकीला वाटलं नाव घेऊन झालं, तिनं घाईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बाकीच्या हसल्या. घेतलं का? आई विचारत होती. घेतलं का गं?

मी सरळ उभी राहिले.

"हे नाव मला घेता येणार नाही," मी म्हणाले.

मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला. लहानच, पण माजघर शांत होतं.

सगुणामावशी पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिनं विचारलं, "कंचं नाव?"

"नकुशी."

कुणाला नवल वाटलं नाही. दोघीतिघींनी असंच असणार अशा माना डोलावल्या. सासूबाईंनी तेवढ्या भुवया उचलल्या. रीत असेल गावची, असं त्यांना वाटलं असणार, आई म्हणाली होती तसं.

"मग का घेता येत न्हाई?" मावशी म्हणाली. ती हे खरंच विचारत होती की मला वाट करून देत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"घरातल्या जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालत नाहीत. तुम्हीच सांगत असता, मावशी."

"न्हाई घालत. कुणाचं हाय ह्या घरात?"

मी आईकडे पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती. तिनं अगदी थोडी मान हलवली. नको, म्हणून. माझ्या लग्नात सप्तपदीच्या आधी मला रडू आलं होतं, तेव्हाही तिनं अशीच मान हलवली होती. मग मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. अकरा वर्षं ज्या मायेनं बघत आल्या त्याच मायेनं.

"माझं," मी म्हणाले.

कुणाच्या तरी हातातली बांगडी खाली पडली, ती फरशीवर गोल फिरत राहिली. 

मग आईच बोलली. सासूबाईंना नाही, सगळ्यांना. "ते नाव लग्नात गेलं. ती नकुशी गेली. ही सुमित्रा हाय."

"मी गेले नाही, आई," मी म्हणाले. "मी इथंच उभी आहे."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नवसाची..." आणि थांबल्या.  आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

सगुणामावशीनं दोरी सोडून दिली. गुडघ्यावर हात टेकून उठली. "म्या असल्या पाळण्याला हात लावायची न्हाई," ती म्हणाली. "जित्याचं नाव घातलं की दोघांतलं एक जातंय. घालायचं तर घाला बाई, म्या घरला चालले." बाकीच्या बायकाही पाळण्यापासून मागं सरकल्या. माझ्या माहेरच्या गावात सगुणामावशी उठून गेलेलं बारसं झालं नसतं. आईला ते सगळ्यांत आधी कळलं.

"बस गं सगुणे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "घाल तुज्या मनाचं."

मी पुन्हा वाकले. सकाळी ज्या नावापाशी चिमूट अडली होती, ते नाव पोरीच्या कानात चार वेळा सांगितलं. पाठीत धपाटे पडले. त्यातला एक आईचा होता. तो वेगळा कळत होता.

"दुर्लभा," मी मोठ्यानं म्हणाले.

बायकांना ते म्हणता येईना. दुलभी म्हणाल्या, दुलबा म्हणाल्या, हसल्या, घुगऱ्यांसाठी पदर पसरले. रतनवहिनीनं फक्त कानावरचा फडका सारखा केला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिला त्या घरात राहायचं होतं.

सासूबाईंनी घुगऱ्या घेतल्या नाहीत. शिंगणापूरला आम्ही गेलो. गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. घाट लागला तशा म्हणाल्या,

"नवसाची नव्हतीसच तू."

"नाही."

"मग मी देवीला अकरा वर्षं काय सांगत होते?"

 त्यांनी रागावून विचारलं नव्हतं. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते.

नवरात्रात पहिली ओटी धाकट्या जावेनं भरली. पुढच्या वैशाखात सासूबाईंच्या माहेरची मुलगी ह्यांच्याशी लग्न होऊन घरात आली. मला कुणी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. माहेराहून चार वर्षं बोलावणं नव्हतं, मग जायचं तरी कुठं? देवघराशेजारच्या खोलीत माझी वळकटी आली. सवतीची मुलं माझ्याच अंगाखांद्यावर वाढली, ती मला मोठी आई म्हणत. सासूबाई वाईट वागल्या नाहीत. फक्त सुमित्रा अशी हाक त्यांनी पुन्हा कधी मारली नाही. घराची यादी करायला सरकारी माणूस आला तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. त्यानं थोरल्या सुनेचं नाव विचारलं. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "नकुशी लिहा." तेव्हापासून रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे तेच आहे.

रतनवहिनीला पुन्हा मुलगीच झाली. त्या बारशाला मला बोलावलं नव्हतं, चुलत नणंद आणली होती. पण नाव ते ठेवलं नाही. वहिनीनं पुढं कधीतरी सांगितलं, सगुणामावशी पाळणा बांधताना एवढंच म्हणाली, आक्का जिती हाय न्हवं? त्या पोरीचं नाव संगीता ठेवलं. तिच्या पाठीवर मुलगा झाला. तसाच झाला, ते नाव न घालता.

दुर्लभा आता साताऱ्यात तहसील कचेरीत आहे. गावानं तिला दुलभीच म्हटलं, पण शाळेच्या दाखल्यावर नाव नीट आहे. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. देवपूजा होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मी उठले तसा तिनं पर्समधून एक फॉर्म काढून माझ्यापुढं ठेवला.

"आत्या, आता नाव बदलून मिळतं. असली नावं बदलायला आमचीच माणसं गावोगाव फिरतात. सगळं भरलंय मी. तुम्ही नुसती सही करा. सुमित्रा लिहिलंय, चालेल ना?"

मी विचारलं, तुझ्या भावजयीला दिवस गेलेत म्हणतात, कितवा चालू आहे?

"सातवा."

"आधीच्या दोघी मुलीच ना?"

"हो." मग तिच्या लक्षात आलं. "आत्या, आता कोण ठेवतंय हो ते नाव!"

"कोण ठेवतंय ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी आहे तोवर त्या घरात ठेवता येत नाही, तेवढं माहीत आहे."

ती बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली. हुबेहूब तिची आई बघायची तशी. मग म्हणाली, "किती दिवस असं, आत्या? व्रताला उद्यापन असतं ना?"

"सगळ्यांना नसतं."

मी फॉर्म उचलला, पालथा केला आणि कुंकवाची डबी त्याच्यावर ठेवली. जेवूनच जा, असं मी म्हटल्यावर ती जेवून गेली.